डाव्या वळणाची बांधणी

साहेबांनी अट सांगितली तेव्हा माझ्या हातात पक्कड होती. ती मी गुपचूप टेबलावर ठेवली. त्यात माझा किती मोठेपणा होता ते साहेबांना कधी कळायचं नाही.

साहेब म्हणजे मोठ्या रुग्णालयाचे इंजिनिअर. तिथले पंखे, पाण्याचे पंप, धुलाईची यंत्रं यांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं वर्षभराचं काम कुणाला द्यायचं, हे त्यांच्या हातात होतं. मोटार भरायची म्हणजे आतली करपलेली तांब्याची तार उपसून काढायची, वेढे मोजून नवी घालायची, दोऱ्यानं आवळून बांधायची आणि वार्निश देऊन भट्टीत भाजायची. आम्ही आठजणी हेच करतो. साहेबांनी आमची खोली पाहिली, भरलेल्या मोटारी पाहिल्या, दोन-तीनदा मान डोलावली. मग खुर्चीत बसून म्हणाले की काम चांगलं आहे, पण अर्जावर प्रमुख कारागिराची सही लागते आणि ती एखाद्या पुरुष माणसाची असली तर वरच्या लोकांना बरं पडतं.

"मास्तरांच्या घरात कोणी पुरुष माणूस नाही का?" त्यांनी विचारलं. "सही त्यांची, काम तुमचं. कुणाचं काय बिघडतंय?"

मास्तर म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण या धंद्यात त्यांचं नाव अजून त्यांच्याशिवाय चालतं. त्यांनी दुकान टाकलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांचा उजवा हात यंत्राच्या चालत्या पट्ट्यात गेला आणि दोन बोटं कायमची निकामी झाली. दुसरा कुणी असता तर दुकानाला कुलूप लागलं असतं. मास्तरांनी म्हणे चार महिन्यांत डावा हात तयार केला. पुरावा मोटारीतच होता. मोटारीच्या दोन्ही टोकांना तारेचे झुबके बाहेर येतात, ते दोऱ्यानं बांधतात. सगळ्या दुनियेचा दोरा उजवीकडे कलतो, मास्तरांचा डावीकडे कलायचा. तशी बांधणी दिसली की लोक म्हणायचे, ही मास्तरांची मोटार, हिला मरण नाही.

मी लग्न होऊन आले आणि वर्षाच्या आत मास्तरांनी मला कामाला बसवलं. सुनेच्या हातात तार देणारा सासरा म्हणून मी माहेरी किती मिरवलं असेन, विचारू नका. ते शेजारी बसून नुसतं सांगायचे, करून कधीच दाखवत नसत. दोन बोटांमुळे असेल, असं मला वाटायचं. नऊ वर्षं मी भरलेल्या मोटारी त्यांच्या नावानं गेल्या. माझा दोरा चारचौघांसारखा उजवीकडे कलतो, तर गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारपणी मास्तरांचा हात सरळ झाला. आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसायचो. मला तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण ही बाई जन्मतःच भांडखोर आहे असं माझ्या सासरी बऱ्याच जणांचं मत आहे.

ते गेल्यावर दुकान मी चालू ठेवलं आणि जिला कुणी काम देत नव्हतं तिला बोलावत गेले. पहिली आली ती शिलाईचं काम सुटलेली, तिला आम्ही अजून टेलरीणच म्हणतो. एकीचा पाय अधू आहे. तिला तीन ठिकाणी 'नंतर कळवतो' म्हणून सांगितलं होतं, आणि ते अजून कळवतायत. एक कधी मिनिटभर उशिरा येत नाही, म्हणून ती घड्याळ. बाकीच्या घरोघरची कामं सोडून आल्या. दुकान आता आठही जणींचं आहे, सारख्या वाट्यानं, आणि शिकलेलीनं पुढच्या दोघींना शिकवायचं हा आमचा नियम. नाव नोंदवून थांबलेल्या अकरा बायका आहेत. रुग्णालयाचं काम मिळालं असतं तर त्यातल्या पाच लगेच आत आल्या असत्या. न मिळालं तर, आम्हाला मोटारी पाठवणारी गिरणी गेल्या महिन्यातच बंद पडल्यामुळे, आठातल्या चौघींना घरी बसावं लागणार होतं. बोलायला सोपं आहे. त्या चौघी कोण, ते ठरवायला कुणी पुढं येईना.

पुरुष माणूस घरात होता, दोन होते. माझा नवरा मालाची गाडी घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. उरलेले दहा दिवस तो सगळ्यांचं ऐकून घेतो आणि कुणाचंच करत नाही. राहिले धाकटे दीर. ते गाद्यांच्या दुकानात विक्रीला आहेत, आणि घरातला पंखा बंद पडला की मला फोन करतात. अट त्यांच्या कानावर गेली त्याच संध्याकाळी ते पेढीवरच्या शेठसारखे येऊन बसले. सही करायला आपली काही हरकत नाही, घरचंच तर काम आहे, असं म्हणाले. चार दिवसांत 'प्रमुख कारागीर' असं छापलेली कार्डंही करून आणली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा इस्त्रीचा शर्ट घालून येतो.

मी दुकानात सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की मला हे मान्य नाही. मग घड्याळ म्हणाली, ताई, तुमचा नवरा कमावतो, माझा कमावत नाही. सहीसाठी मुलांची शाळा सोडवू का? तिच्यावर चिडायला मला जागाच नव्हती. हात वर झाले ते पाच सहीच्या बाजूचे, तीन माझ्या. अधू पायाची माझ्या बाजूला होती, टेलरीणही. दुकान सगळ्यांचं म्हणून मीच छातीठोक सांगत आले होते, आता तोंड फिरवता येईना. ठीक आहे म्हणाले, आणि घरी जाऊन भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

सासूबाई आतून म्हणाल्या, भांड्यांचा काय दोष? त्या पहिल्यापासून आमच्या दुकानाच्या विरुद्ध. मी आल्यापासून त्यांना दुकानाची पायरी चढताना कधी पाहिलं नव्हतं. बायकांना हे काम झेपत नाही, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. सहीचं ऐकून त्यांनी लगेच निकाल दिला की धाकट्याला करू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची, मोटार फिरली की झालं.

दोन-तीन दिवसांनी साहेबांनी परीक्षेसाठी एक मोटार पाठवली. रुग्णालयाच्या जुन्या पंपाची, सोळा वर्षांपूर्वी मास्तरांनी भरलेली आणि आता जळालेली. सोबत निरोप होता: मास्तरांची बांधणी होती तशीच हवी, वार्निश मारण्याआधी मी स्वतः येऊन बघणार. मी मोटार उघडली. तार एका अंगानं काळी पडली होती, पण बांधणी जागच्या जागी, एकेक वेढा डावीकडे कललेला. मी ती एका बाजूनं कापून अखंड काढली. आम्ही तार नवी भरली आणि मग मी तशी बांधणी करायला बसले. तीनदा केली, तीनदा उसवली. दोरा डावीकडे कलायचा, पण ढिला पडायचा.

टेलरीण शेजारी काज करावं तशी मान वाकवून बघत होती. तिनं जुनी बांधणी बोटावर गुंडाळून पाहिली आणि म्हणाली, "ताई, हा शिकून तयार केलेला हात नाही. हा जन्माचा डावखुरा आहे. आमच्याकडं अशी एक होती. तिचा टाका मी डोळे मिटून ओळखायची."

मी तिला मास्तरांच्या डाव्या हाताची सगळी कहाणी सांगायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबले. मला मास्तरांच्या शर्टाची बटणं आठवली. शेवटपर्यंत ती सासूबाई लावून द्यायच्या, कारण त्यांना डाव्या हातानं बटण लावता येत नसे. ज्याला बटण लावता येत नाही त्यानं ही बांधणी केली, आणि मी पंधरा वर्षं ते खरं मानत होते. मी येण्याआधी मोटारी सकाळी दुकानात उघडायच्या, भरायला घरी न्यायच्या, भरून परत आणायच्या. घरी निवांत काम होतं, असं म्हणे ते सगळ्यांना सांगायचे.

घरी जाऊन मी सरळ स्वयंपाकघरात गेले. पिठाच्या पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलेलं होतं. सुतळीचा प्रत्येक वेढा डावीकडे कललेला, गाठ आतल्या अंगाला. ती पिशवी मी पंधरा वर्षं रोज सोडत होते.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. मी जुनी बांधणी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही, नुसती बघितली. मग म्हणाल्या की गाठ काय, कुणीही मारतं. मी हललेच नाही. शेवटी त्यांनी डाव्या हाताचं पहिलं बोट त्या दोऱ्यावरून फिरवलं, हळूच, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावं तसं.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. हात पट्ट्यात गेला तेव्हा घरात दोन लहान मुलं होती. मास्तर रडत होते, सासूबाईंनी म्हटलं, मोटारी घरी आणा, मी भरते. त्यांनी तोंडानं सांगितलं, यांनी हातानं केलं. जेवताना, लिहिताना डाव्या हातावर लहानपणी फटके बसलेले, त्यामुळे उजवा हात जगासाठी आणि डावा या कामासाठी. मास्तर दोनदा म्हणाले, लोकांना सांगून टाकू. यांनीच नको म्हटलं. बाईनं भरलेली मोटार कोण आणून देणार? पुढं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याच वर्षी मी सून म्हणून आले.

म्हणजे सासरा मोठ्या मनाचा म्हणून मला शिकवत नव्हता. घरातला एक हात गेला, त्याला दुसरा हवा होता. हे कळलं तेव्हा मला मेल्या माणसाचा इतका राग आला की मी पाणी प्यायला उठले. सासूबाईंना ते कळलं असावं. त्या म्हणाल्या, माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

"आणि तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं.

"तेव्हा नाही आला," त्या म्हणाल्या. "व्यापाऱ्यांनी त्यांना मानपत्र दिलं, ते त्यांनी माझ्या डोक्यावरच्या भिंतीला लावलं, तेव्हाही नाही. नंतर आला. आला तेव्हा भांडायला ते राहिले नव्हते. मग तू दुकानात बायका आणल्यास. बायका मोटारी भरतायत, रस्त्यावरून दिसतायत, कुणी काही म्हणत नाही. मी ज्याला एवढी घाबरले ते काही नव्हतंच की काय, असं वाटायचं. ते मला बघवत नव्हतं."

इतकी वर्षं मी त्यांचा विरोध जुन्या वळणाचा समजत होते. मी एवढंच म्हटलं की मग आता तरी तुम्ही बोला. त्यांनी मान हलवली. सात घरांचं बघ, म्हणाल्या. बायकांनी ठरवलंय ना, करू दे धाकट्याला सही. मी चाळीस वर्षं गप्प बसले, तुला एक सही जड होते?

होत होती. पण मत पडून गेलं होतं.

साहेब ठरल्या दिवशी अकराला आले. टेबलावर अर्ज, अर्जावर पेन, पेनाजवळ दीर. मोटार मध्ये ठेवली होती, तार भरलेली, पण बांधणीविना, कारण ती मला शेवटपर्यंत जमली नव्हती. साहेबांनी ती वाकून पाहिली, वेढ्यांना बोट लावून पाहिलं आणि खूश झाले. मग दिरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मास्तरांचा मुलगा म्हटल्यावर हात वारशानं आला असेल, बांधणी तुम्हीच करून दाखवा. सही काय, ती होईलच.

हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. प्रमुख कारागिराला कुणी काम करायला सांगेल, अशी शंकाच कुणाला आली नाही.

दिरांनी दोरा उचलला. गादीला टीप घालतात तसा तो धरला आणि म्हणाले की आज पाठीत उसण भरलीय. मग म्हणाले, उजेड कमी आहे. घड्याळीनं उठून आणखी एक दिवा लावला. तिनं ते चांगल्या मनानंच केलं, पण अधू पायाचीला हसू आवरेना आणि तिनं तोंड भट्टीकडे फिरवलं. साहेबांचा चेहरा उतरायला लागला. मी पाऊल पुढं टाकलं. आता माझ्याच उजव्या हातानं, माझ्या नावानं करते, पुढं काय व्हायचं ते होऊ दे, असं मनाशी ठरवलं होतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला की बाजूला हो.

सासूबाई पायरी चढून आत आल्या होत्या. एकट्या, घरच्याच चपला घालून. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. स्टूल ओढलं, दिरांच्या हातातला दोरा काढून घेतला आणि डाव्या हाताच्या बोटाला एक वेढा दिला. पहिले दोन-तीन फेर हात चाचपडला. मग त्याला आठवलं. दोरा झुबक्याखालून जायचा, वर यायचा, आवळला जायचा, आणि त्या डोळ्यांनी बघतही नव्हत्या. दहा मिनिटं खोलीत फक्त दोऱ्याचा आवाज होता. शेवटची गाठ आतल्या अंगाला बसली तेव्हा साहेब जवळ येऊन उभे होते.

त्यांनी विचारलं, "आजी, हे तुम्हाला मास्तरांनी शिकवलं?"

"ही मोटार सोळा वर्षांपूर्वी मीच भरली होती," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या सगळ्याच मी भरल्यात. आणि ती आपणहून जळलेली नाही. टाकीत पाणी नसताना तुमच्या माणसानं पंप चालू ठेवला. जुन्या दोऱ्यावरून बोट फिरवलं तेव्हाच मला कळलं; तार एका अंगानंच करपली होती की नाही, हिला विचारा."

करपली होती. मी तसं सांगितलं. साहेब ओशाळले, कारण पंप कोरडा चालला होता हे त्यांना माहीत होतं आणि आम्हाला सांगायचं त्यांनी सोयीनं टाळलं होतं.

दिरांना मात्र वेगळीच चिंता पडली. ते खालच्या आवाजात म्हणाले, "आई, चारचौघांत हे काय बोलतेस? बाबांचं नाव खराब होईल."

"ते नाव मी या हातानं केलंय," सासूबाई म्हणाल्या. "मला माहितीय ते किती पक्कं आहे. तू गाद्या विक."

त्यांनी अर्ज पुढं ओढला आणि पेन डाव्या हातात घेतलं. आजवर त्यांची सही मी फक्त उजव्या हाताची, थरथरती पाहिली होती. ही ठसठशीत आली. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. छान झालं, म्हणाले, मास्तरांच्या पत्नी प्रमुख कारागीर, वरच्यांना हे पटवता येईल. पण सासूबाईंनी पेन खाली ठेवलंच नाही. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. मी सही केली आणि टेलरणीला दिलं. तिनं अधू पायाचीला. साहेब म्हणायला लागले की अहो, थांबा, रकाना एकच आहे, सही एकच लागते.

"मग मोठा कागद आणा," सासूबाई म्हणाल्या.

पेन घड्याळीपाशी जाऊन थांबलं. मत सहीच्या बाजूनं देणाऱ्या पाचजणींत ती पहिली होती आणि तिची मुलं शाळेत होती. मी तिच्याकडं पाहायचं टाळलं. असली वेळ एखादीवर आणणं बरं नव्हे. ती अर्जाकडं बघत राहिली, मग दिरांच्या कार्डांच्या गठ्ठ्याकडं, आणि म्हणाली की माझी सही जरा मोठी येते, जागा पुरेल ना? समासात पुरली.

नऊ सह्यांचा तो अर्ज साहेब घेऊन गेले. कबूल काही केलं नाही. आठ दिवसांनी वरून तो परत आला, शेरा होता: प्रमुख कारागिराची एकच सही असावी. आम्ही नवीन अर्जावर पुन्हा नऊ करून पाठवल्या. तोही परत आला. त्या दिवसांत आमच्याकडं काम इतकं कमी होतं की आम्ही आळीपाळीनं येत होतो, एक दिवस चौघी, दुसऱ्या दिवशी चौघी. कुणालाच घरी बसवायचं नाही म्हणून ते ठरवलं, आणि ते घड्याळीनंच सुचवलं. तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा परीक्षेची ती मोटार रुग्णालयाच्या पंपावर बसून चालू झाली होती, आणि साहेबांनी स्वतःहून खाली लिहिलं की कारागीर नऊ आहेत, म्हणून सह्या नऊ आहेत. मी त्या माणसाला मनातल्या मनात दिलेल्या निम्म्या शिव्या परत घेतल्या. काम मिळालं ते फक्त पंपांचं. पंखे आणि धुलाईची यंत्रं दुसऱ्याकडं गेली. पाचाऐवजी दोघीच नव्या आल्या. उरलेल्या नऊजणींना मी अजून तोंड चुकवते, पण पंख्यांचा अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा निघणार आहे आणि समास आम्हाला पाठ झालाय.

सासूबाई आता रोज येतात. स्टूल त्यांचं, खिडकी त्यांची. नव्या दोघी पहिल्याच दिवशी त्यांच्यासारखी डाव्या वळणाची बांधणी करायला बसल्या, कारण बाजारात तिलाच मान. सासूबाईंनी दोघींचीही कात्रीनं कापून टाकली. मी म्हटलं, आई, शिकतायत तर शिकू द्या की.

"उजव्या हाताच्या मुली आहेत, उजवीकडेच बांधू दे," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी मोटार उघडली तर ही कुणी भरली ते त्याला कळलं पाहिजे."